टांकसाळीची खूण आणि दुहेरी ठसा: हाली, कलदार व अमेरिकी नाण्यांच्या ओळखीचा आढावा

एखादे नाणे कोणत्या टांकसाळीत पाडले गेले आणि ज्या ठशाने ते पाडले तो ठसा कसा घडला होता, हे दोन प्रश्न नाणेशास्त्रात जोडीने येतात. कारण दोन्हींची उत्तरे कागदपत्रांपेक्षा नाण्याच्या पृष्ठभागावरच, भिंगाखाली दिसणाऱ्या मिलिमीटरभर जागेत शोधावी लागतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर टांकसाळ चिन्ह देते, म्हणजे टांकसाळीने स्वतःची ओळख म्हणून नाण्यावर घातलेले अक्षर, ठिपका, तारा किंवा तत्सम आकृती. दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात ठशाचे भेद येतात, आणि त्यांतला सर्वांत गाजलेला भेद म्हणजे दुहेरी ठसा, ज्याला संग्राहक ‘डबल डाय’ म्हणतात. अमेरिकेच्या संग्राहकांनी गेल्या सुमारे सत्तर वर्षांत या दोन्ही बाबतींत एक काटेकोर परीक्षापद्धती उभी केली आहे. तिचा उपयोग आदिलाबादसारख्या जिल्ह्यात घरोघरी जपून ठेवलेल्या नाण्यांना कितपत होऊ शकतो, कोणती कसोटी तशीच लागू पडते आणि कोणती दिशाभूल करते, याचा विचार पुढे केला आहे.

आदिलाबाद हे या प्रश्नासाठी विशेष सोयीचे क्षेत्र आहे. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा उत्तरेकडचा टोकाचा भाग होता आणि त्याच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा ही दोन चलनांमधली रेषाही होती. नदीपलीकडे वऱ्हाड होते. ते नावाने निजामाचे असले तरी १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असल्यामुळे तिथे ब्रिटिश सरकारचा कलदार रुपया चाले, तर अलीकडे संस्थानाचा हाली रुपया हिशेबाचे चलन होता. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. कापसाचा, धान्याचा आणि गुरांचा व्यापार नदीच्या दोन्ही काठांवर चालत असल्यामुळे बेला, जैनद, भैंसा, किनवट या पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांच्या हाती दोन्ही नाणी येत असत. स्वातंत्र्यानंतर त्यांत भारत सरकारची नाणी मिसळली, आणि शिक्षण-नोकरीसाठी तेलंगणातून अमेरिकेला जाणाऱ्यांची संख्या वाढल्यावर सेंट, डाइम आणि क्वार्टरही घरात येऊ लागले. एकाच पेटीत चार परंपरांची नाणी असणे ही येथे अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. प्रत्येक परंपरेत ठसा घडवण्याची रीत मात्र वेगळी होती, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

कोणतीही खूण वाचण्याआधी ठसा कसा तयार होतो हे पाहणे आवश्यक आहे. यांत्रिक टांकसाळीत प्रथम नक्षीचा उठावदार नमुना पोलादात तयार केला जातो. याला ‘हब’, म्हणजे जनक ठसा म्हणतात. हा जनक ठसा मऊ केलेल्या पोलादी कांबीवर प्रचंड दाबाने दाबला की त्या कांबीवर नक्षी खोलगट आणि उलटी उमटते, आणि तिला कठीण केल्यावर ती प्रत्यक्ष नाणी पाडणारा ठसा बनते. एका जनक ठशातून अनेक ठसे निघतात व एका ठशातून लाखो नाणी पडू शकतात. त्यामुळे जनक ठशातला फेर सर्व ठशांत उतरतो, एका ठशातला दोष फक्त त्या ठशाच्या नाण्यांवर दिसतो, आणि नाणे पाडताना झालेला अपघात त्या एकट्या नाण्यापुरता राहतो. ओळखीचे सर्व शास्त्र या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवण्यावर उभे आहे. हाताने ठसा कोरण्याच्या जुन्या रीतीत जनक ठसा ही पायरीच नव्हती. कारागीर प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे कोरत असे आणि हातोड्याच्या घावाने नाणे पडत असे.

टांकसाळीची खूण ओळखणे ही दख्खनच्या बाजारपेठेची जुनी गरज आहे. अठराव्या शतकात मुघल बादशहाच्या नावाचे रुपये अनेक सत्ता आपापल्या टांकसाळीत पाडत होत्या. त्यांवरचा फारसी मजकूर जवळपास सारखा असे, पण चांदीचा कस आणि वजन सारखे नसे. परक्या रुपयावर सराफ बट्टा, म्हणजे मूल्यातली कपात, आकारत असत आणि तो ठरवण्यासाठी त्यांना नाण्याचे मूळ कळणे आवश्यक होते. पुण्याच्या रुपयावरचा अंकुश, महेश्वरच्या रुपयावरचे शिवलिंग व बेलपान, इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीचे सूर्यमुख या आकृती फारसी न वाचणाऱ्यालाही ओळखता येत. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया ही मराठी कागदपत्रांत वारंवार येणारी नावे याच गरजेतून रुळली. हे लक्षात घेतले तर टांकसाळ चिन्हांचे शास्त्र मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण उरत नाही. उलट अमेरिकेत पहिल्या शाखा-टांकसाळी १८३८ मध्ये नाणी पाडू लागल्या, त्याच्या कितीतरी आधी ते येथे रोजच्या व्यवहारात होते.

हैदराबादच्या नाण्यांवर टांकसाळीचा निर्देश चिन्हाने नव्हे, तर पूर्ण नावाने होत असे. ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टांकसाळीचे बिरुदासह नाव मागच्या बाजूला राज्यारोहणाच्या वर्षाच्या उल्लेखाबरोबर येते. हाताने पाडलेल्या नाण्यांत मात्र ठसा मोठा व चांदीची चकती लहान असल्याने हे नाव बहुधा अर्धेमुर्धेच उमटलेले दिसते. १८५७ च्या उठावापर्यंत नाण्यांवर मुघल बादशहाचे नाव होते. ते गेल्यावर त्या जागी निजाम-उल-मुल्क आसफजाह हे नाव आले आणि त्यासोबत ९२ हा आकडा, जो अब्जद या अक्षरमूल्यांच्या पद्धतीनुसार ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज आहे. हा आकडा साल समजून नाण्याचे वय ठरवण्याची चूक नवख्या संग्राहकांकडून पुष्कळदा होते.

त्याहून मोठा घोटाळा एकाक्षरी खुणांबाबत होतो. निजामाच्या नाण्यांवर राज्यकर्त्याच्या नावाचे पहिले फारसी अक्षर घालण्याची प्रथा होती: नासिरुद्दौलासाठी नून, अफजलुद्दौलासाठी अलिफ, महबूब अली खानासाठी मीम आणि उस्मान अली खानासाठी ऐन. पाश्चात्य नाण्यांवरील एकटे अक्षर टांकसाळ दाखवते या सवयीने पाहणारा ही अक्षरेही टांकसाळ चिन्हे समजतो. प्रत्यक्षात ती शासकाची खूण आहेत. यांत्रिक पद्धतीने पाडलेली, ‘चरखी’ म्हणून ओळखली जाणारी नाणी महबूब अली खानाच्या कारकिर्दीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. १९०३ मध्ये टांकसाळ हैदराबादच्या सैफाबाद भागातल्या नव्या इमारतीत गेली, आणि हिजरी १३२१ पासून, म्हणजे त्याच सुमारास, चारमिनारची सुप्रसिद्ध नक्षी रुपयावर आली. या नक्षीत चारमिनारच्या कमानीच्या दारात शासकाचे अक्षर बसवलेले आहे. महबूब अली खान २९ ऑगस्ट १९११ रोजी वारले, तेव्हा हिजरी १३२९ हे साल चालू होते. म्हणून १३२९ या एकाच सालाच्या रुपयांत दारात मीम असलेले आणि ऐन असलेले असे दोन्ही प्रकार आढळतात. उस्मान अली खानाच्या आरंभीच्या नाण्यांवर, १३२९ व १३३० या सालांत, ऐन हे अक्षर आखूड आहे, तर १३३० पासून ते पूर्ण आकाराचे आहे. आखूड आणि पूर्ण ऐन हा हाली नाण्यांतला सर्वांत स्वच्छ, कोणालाही साध्या भिंगाने तपासता येणारा ठसाभेद आहे, आणि या जिल्ह्यातल्या संग्राहकाने आपला अभ्यास येथूनच सुरू करावा हे उत्तम.

सालाबाबत एक इशारा येथेच द्यायला हवा. संस्थानाचे महसुली कागद फसली सनात आहेत व नाणी हिजरी सनात. फसली १३२१ म्हणजे इसवी १९११-१२, तर हिजरी १३२१ म्हणजे १९०३-०४. घरातल्या जुन्या पट्ट्यावरचे किंवा पावतीवरचे साल नाण्यावरच्या सालाशी जुळले म्हणून दोन्ही एकाच काळातली समजणे चुकीचे ठरते, आणि चारमिनारच्या नाण्यांत हा फरक सुमारे आठ वर्षांचा होतो.

हाली आणि कलदार यांच्या विनिमयाचा दर १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा होता. हा दर धातूशी ताडून पाहण्यासारखा आहे. हाली रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम व चांदीचे प्रमाण हजारी ८१८, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम, कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम व प्रमाण हजारी ९१७, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. दोन्हींचे गुणोत्तर ११६ व ११७ यांच्या दरम्यान येते. नदीकाठच्या बाजारात चालणारा तो किचकट वाटणारा भाव अशा रीतीने थेट चांदीशी बांधलेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्हीकडे चांदीचे प्रमाण हजारी ५०० वर आले, ब्रिटिश भारतात १९४० मध्ये आणि हैदराबादेत त्यानंतर लवकरच. त्यामुळे नाणे ओळखताना केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे आहे आणि वजन हाच पहिला पुरावा मानला पाहिजे.

कलदाराच्या बाजूला टांकसाळ चिन्हांची पद्धत निराळी होती. कलकत्त्याची नाणी बहुतांशी चिन्हाविना असत. मुंबईची नाणी व्हिक्टोरिया आणि सातव्या एडवर्डच्या काळात नक्षीच्या तळाशी बारीक ‘बी’ या अक्षराने, पाचव्या जॉर्जच्या काळात तळच्या कमळाजवळच्या सूक्ष्म ठिपक्याने, तर सहाव्या जॉर्जच्या १९४० च्या दशकातल्या नाण्यांवर चौकटच्या आकाराने ओळखता येतात. युद्धकाळात नाण्यांची मागणी वाढल्यावर लाहोरला टांकसाळ सुरू झाली आणि १९४३ ते १९४५ या वर्षांत तिची नाणी ‘एल’ या अक्षरासह निघाली. १८६२ साल असलेला राणीछाप रुपया हे तर स्वतंत्र प्रकरण आहे: १८७४ मध्ये दरवर्षीचे साल घालण्याची पद्धत सुरू होईपर्यंत रुपयांवर १८६२ हेच साल गोठवलेले राहिले, आणि मुंबई टांकसाळीने खरे वर्ष दाखवण्यासाठी नक्षीत ठिपके वाढवत नेले. एकाच सालाच्या या रुपयांत राणीच्या प्रतिमेचे आणि मागच्या नक्षीचे अनेक भेद आहेत. ते ठिपक्यांच्या संख्येसह नोंदवल्याशिवाय नाणे ओळखले असे म्हणता येत नाही. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपयाही याच वर्गात मोडतो. राजाच्या झग्यावर कोरलेल्या हत्तीची सोंड इतकी आखूड दिसली की लोकांनी त्याला डुक्कर मानले, असंतोष उठला आणि १९१२ पासून नक्षी सुधारली गेली. हा हेतुपुरस्सर केलेला नक्षीबदल आहे, ठशाचा दोष नाही. दोन्हींना एकच ‘एरर’ हा शब्द लावण्याची बाजारातली पद्धत सोडून द्यायला हवी.

सैफाबादची टांकसाळ १९५० मध्ये केंद्र सरकारकडे आली आणि हैदराबादला भारतीय नाण्यांवर स्वतःची खूण मिळाली. सालाच्या खाली पाहिले असता मुंबईची चौकट, हैदराबादचा पाच टोकांचा तारा, १९८८ मध्ये सुरू झालेल्या नोएडाचा गोल ठिपका आणि कलकत्त्याची रिकामी जागा अशी आजची व्यवस्था दिसते. हैदराबादचा तारा पहिल्यापासून नव्हता. सुरुवातीच्या दशकांत मधोमध दुभंगलेली चौकट व नंतर पोटात ठिपका असलेली चौकट ही तिची चिन्हे होती, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ताऱ्याने त्यांची जागा घेतली. त्यामुळे झिजलेली दुभंगलेली चौकट मुंबईची समजली जाणे आणि बुजलेला तारा नोएडाचा ठिपका समजला जाणे या दोन चुका पुन्हापुन्हा होतात. दुसऱ्या चुकीवर सोपा उपाय आहे: १९८८ च्या आधीचे साल असेल तर नोएडाचा प्रश्नच उद्भवत नाही. पहिल्या चुकीवर मात्र स्वच्छ, न झिजलेले दुसरे नाणे शेजारी ठेवून तुलना करणे हाच उपाय.

नाण्यांची टंचाई भासली तेव्हा भारताने परदेशी टांकसाळींकडूनही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवरचे ‘एच’ हे अक्षर बर्मिंगहॅमचे आहे, १९९० च्या दशकाअखेरच्या एक रुपयावरचे ‘एमके’ स्लोव्हाकियातल्या क्रेमनिकाचे, तर १९९९ च्या पाच रुपयांवरची रशियन अक्षरे मॉस्कोची. १९८५ च्या ५० पैशांपैकी दक्षिण कोरियात पाडलेल्या नाण्यांवरही तारा आहे, पण तो सालाच्या एका टोकाच्या आकड्याखाली येतो. म्हणजे चिन्हाचा आकार पुरेसा नसून त्याची जागाही वाचावी लागते. हैदराबादच्या ताऱ्याच्या शोधात असलेल्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

अमेरिकी नाण्यांत तर जागेचे महत्त्व आणखी वाढते. डेन्व्हरचे ‘डी’, सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’, वेस्ट पॉइंटचे ‘डब्ल्यू’, जुन्या न्यू ऑर्लिन्सचे ‘ओ’ आणि कार्सन सिटीचे ‘सीसी’ यांतली जुनी अक्षरे १९६५ पूर्वी बहुधा मागच्या बाजूला असत, जरी लिंकन सेंटवर ती प्रारंभापासून सालाखालीच आहेत. १९६५ ते १९६७ या वर्षांत ती मुद्दाम गाळली गेली आणि १९६८ पासून दर्शनी बाजूला आली. फिलाडेल्फिया ही मुख्य टांकसाळ म्हणून दीर्घकाळ चिन्हाविना राहिली. युद्धकाळातील चांदीमिश्रित निकेलवरचे, मागच्या बाजूच्या इमारतीच्या चित्रावरचे मोठे ‘पी’ हा अपवाद, आणि १९७९-८० नंतर सेंट सोडून इतर नाण्यांवर ते कायमचे आले. एकेकाळी डालोनेगा येथेही ‘डी’ हेच अक्षर वापरत. पण ती टांकसाळ १८६१ मध्ये बंद झाली आणि डेन्व्हरची नाणी १९०६ मध्ये सुरू झाली, म्हणून साल पाहताच संभ्रम मिटतो.

चिन्हाचा अभाव हा सर्वांत दुबळा पुरावा आहे, आणि हे अमेरिकेच्या १९२२ च्या सेंटने उत्तम दाखवले आहे. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरने पाडले. तरीही काही नाण्यांवर ‘डी’ दिसत नाही, कारण ठसे झिजले किंवा त्यांतली खोलगट जागा बुजली होती. हाच तर्क भारतीय नाण्यांना लावला तर असे म्हणावे लागते की सालाखाली काही न दिसणारे प्रत्येक नाणे कलकत्त्याचे ठरत नाही. त्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूइतकाच नितळ आहे का, तिथे अंधुक उंचवटा आहे का, नाण्याची सर्वसाधारण झीज किती आहे, हे पाहूनच निष्कर्ष काढायला हवा. उलट बाजूने लबाडीही होते. दुर्मीळ नाणे बनवण्यासाठी साध्या नाण्यावर चिन्ह चिकटवतात किंवा असलेले चिन्ह घासून काढतात. अमेरिकेत १९४४ च्या ‘डी’ सेंटमधल्या चाराच्या आकड्यात बदल करून त्यांना १९१४ चे बनवण्याचा प्रकार इतका माहीत आहे की परीक्षक आकड्यांमधले अंतर आधी मोजतात.

दुहेरी ठशाचा खरा अर्थ आता सांगता येतो. अमेरिकी टांकसाळींत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जनक ठशाचा एक दाब पुरा पडत नसे. पोलाद कडक होई, ते तापवून पुन्हा मऊ करून त्यावर दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा दाब द्यावा लागे. दुसऱ्या दाबाच्या वेळी ठसा किंचित फिरला, सरकला किंवा वेगळ्या नक्षीच्या जनक ठशाखाली गेला, तर दोन प्रतिमा एकमेकींवर उमटत आणि त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर दुहेरीपण येई. १९५५ चा फिलाडेल्फियाचा सेंट हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण: सालाचे आकडे आणि दर्शनी बाजूवरची अक्षरे नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात, आणि अशी वीस हजारांहून अधिक नाणी बाहेर गेली असे मानले जाते. १९७२ आणि १९९५ च्या सेंटच्या दर्शनी बाजूचे, १९८३ च्या सेंटच्या मागच्या बाजूचे दुहेरीपणही तितकेच प्रसिद्ध आहे. १९४२ च्या डाइमवर ४१ व ४२ हे दोन्ही आकडे दिसतात, कारण ठशावर दोन वेगवेगळ्या सालांचे जनक ठसे दाबले गेले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकाच दाबात ठसा तयार करण्याची पद्धत आल्यावर असे मोठे दोष दुर्मीळ झाले, तरी लहान प्रमाणात ते पूर्ण थांबलेले नाहीत.

या खऱ्या दुहेरीपणाशी साम्य असलेले निदान तीन प्रकार आहेत, आणि बहुतेक फसवणूक, जाणूनबुजून असो वा अजाणता, त्यांच्यामुळे होते. पहिला प्रकार यांत्रिक दुहेरीपणाचा: घाव बसल्यानंतर ठसा सैल असल्यामुळे थरथरतो व नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड घासून सपाट पायरीसारखी करतो. येथे अक्षराचा मूळ भाग अरुंद होतो व शेजारी चपटी, चकचकीत पट्टी दिसते. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही प्रतिमा गोलसर, पूर्ण उंचीच्या असतात, अक्षर एकंदरीत रुंद होते आणि त्याच्या टोकांशी, कोपऱ्यांत स्पष्ट खाचा पडतात. दुसरा प्रकार झिजलेल्या ठशाचा: धातू अक्षरांभोवती वारंवार वाहिल्याने ठशाच्या कडा ढिल्या होतात आणि आकृतीभोवती अंधुक, लोंबती छाया येते. १९५५ याच सालाचे असे झिजलेल्या ठशाचे सेंट खऱ्या दुहेरी ठशाच्या नावाखाली विकले जातात. तिसरा प्रकार दोनदा पाडलेल्या नाण्याचा: चकती यंत्रातून बाहेर न पडता पुन्हा घावाखाली आली, तर संपूर्ण नक्षी विस्थापित दिसते, पण तो त्या एका नाण्याचा अपघात असतो.

अमेरिकी परीक्षकांची एक अतिशय सुंदर कसोटी टांकसाळ चिन्हालाच साक्षीदार करते. १९९० च्या सुमारापर्यंत तेथे चिन्ह जनक ठशात नसे. ते प्रत्येक ठशावर शेवटी हाताने छोट्या पंचाने ठोकले जाई. त्यामुळे साल दुहेरी आणि त्याच दिशेने चिन्हही दुहेरी असेल, तर दोष नाणे पाडताना झालेला आहे असे समजावे. साल दुहेरी पण चिन्ह एकेरी व स्वच्छ असेल, तर दुहेरी ठशाची शक्यता बळावते. आणि साल एकेरी पण चिन्ह दुहेरी असेल तर तो तिसराच भेद, म्हणजे चिन्ह दोनदा ठोकले गेल्याचा. मात्र ही कसोटी चिन्ह शेवटी ठोकले जाई तिथेच चालते. चिन्ह जनक ठशातच असेल तर ते नक्षीच्या इतर भागांबरोबरच दुहेरी होईल, आणि चिन्ह असलेल्या जुन्या अमेरिकी सेंटसाठी रामबाण असलेला नियम तिथे उलटे उत्तर देईल.

हाली नाण्यांना ही शिस्त लावताना काळाची रेषा पाळणे अनिवार्य आहे. चरखी व चारमिनारच्या यांत्रिक नाण्यांआधी हाताने कोरलेल्या ठशांची नाणी आहेत. तिथे जनक ठसाच नसल्यामुळे अमेरिकी अर्थाने दुहेरी ठसा असूच शकत नाही. त्या रुपयांवर फारसी अक्षर दोनदा दिसले तर ते बहुतेक वेळा हातोड्याचे दोन घाव आहेत, आणि ठशाठशांत जो फरक दिसतो तो कारागिराच्या हाताचा. या नाण्यांचा अभ्यास दुर्मीळतेपेक्षा ठशांच्या जोड्या जुळवण्यासाठी जास्त फलदायी आहे: कोणता दर्शनी ठसा कोणत्या मागच्या ठशाबरोबर वापरला गेला हे नोंदवत गेल्यास नाण्यांचा क्रम लावता येतो. १९०३ नंतरच्या चारमिनारच्या रुपयांत, तसेच तुघरा, म्हणजे गुंफलेल्या अक्षरांची राजमुद्रा असलेल्या पै व आण्यांत मात्र यांत्रिक पद्धतीचे तर्क लागू होतात. तिथे एक निकष पुरेसा निर्णायक आहे: तोच विस्थापित भाग, त्याच अंतरावर, त्याच दिशेने, त्याच सालाच्या दुसऱ्या नाण्यावर दाखवता आला पाहिजे. एकट्या नाण्यावरून दुहेरी ठसा जाहीर करणे शास्त्राला धरून होत नाही. अमेरिकेत ठशांच्या भेदांना क्रमांक देऊन त्यांच्या याद्या प्रसिद्ध झाल्यामुळे ही तुलना कोणालाही करता येते; हैदराबाद किंवा भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांसाठी ठशांच्या पातळीवरची तशी सर्वमान्य यादी उभी करणे हे संग्राहकांपुढचे मोठे काम आहे.

आदिलाबादच्या नाण्यांत आणखी एक स्थानिक अडथळा येतो. बंजारा स्त्रियांच्या पेहरावात आणि गोंड समाजाच्या दागिन्यांत चांदीची नाणी ओवण्याची परंपरा आहे. नाण्याला भोक पाडतात किंवा वर कडी जोडतात. कडी जोडताना दिलेल्या डागामुळे कडेजवळची अक्षरे वितळून पसरतात, अंगावर वर्षानुवर्षे घासल्याने उंच भाग सपाट होतात आणि चिंचेने वा राखेने उजळताना बारीक ओरखडे पडतात. या तिन्हींमुळे दुहेरीपणाचा आभास होतो. अशा नाण्यांना संग्राहकाच्या भाषेत बिघडलेली म्हटले जाते, तरी त्यांचे दस्तऐवज म्हणून मोल मोठे आहे, कारण कोणत्या सालाचे, कोणत्या राज्याचे रुपये कोणत्या वस्तीत साठले हे त्या माळाच सांगतात. केवळ चांदीच्या भावाने त्या मोडीत निघणे ही खरोखरची हानी आहे.

बाजाराकडे पाहिले तर अज्ञानाचे दोन्ही प्रकार दिसतात. जुन्या नाण्याला लाखो रुपये देण्याच्या जाहिराती इतक्या पसरल्या की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये आपण अशा व्यवहारांत नाही आणि कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही असे जाहीर करावे लागले. दुसऱ्या टोकाला, दहा रुपयांच्या नाण्यावरच्या रेषांची संख्या किंवा रुपयाचे चिन्ह वेगळे दिसते म्हणून ते खोटे ठरवून नाकारण्याचा प्रकार तेलंगणाच्या बाजारांत वर्षानुवर्षे चालला. १७ जानेवारी २०१८ रोजी बँकेने तोपर्यंत काढलेल्या १४ नक्षी सर्व वैध असल्याचे स्पष्ट केले. एकीकडे नसलेला भेद विकला जातो आणि दुसरीकडे असलेला अधिकृत भेद खोटा मानला जातो. जमिनीत सापडलेल्या नाण्यांबाबत कायदाही आहे: १८७८ च्या भारतीय गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. नांगराला लागलेला हंडा परस्पर सराफाकडे गेला की नाण्यांचा एकत्र सापडण्याचा पुरावा, जो कोणत्याही एका नाण्याहून मोलाचा असतो, कायमचा नाहीसा होतो.

घरातल्या नाण्याची नोंद करताना म्हणून ठरावीक क्रम पाळावा. आधी वजन, शक्य तर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. मग साल, ते हिजरी की इसवी हे लिहून. मग शासकाचे अक्षर आणि टांकसाळीची खूण या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत. त्यानंतर खुणेची नेमकी जागा. आणि शेवटी दुहेरीपण असल्यास ते कोणत्या अक्षरांत, कोणत्या दिशेला, गोलसर की चपटे. छायाचित्र दोन वेगळ्या बाजूंनी प्रकाश देऊन घ्यावे, कारण सपाट पायरी एका प्रकाशात चमकते व दुसऱ्यात नाहीशी होते. नाणे धुऊ नये. आणि रुपयांकडेच सर्व लक्ष न देता तांब्याच्या दोन पै व अर्ध्या आण्याच्या नाण्यांचीही अशीच नोंद व्हावी: चांदीचे रुपये पेटीत वा दागिन्यांत राहिले, आठवडी बाजारात मात्र तांबेच हातोहाती फिरले, सर्वांत जास्त झिजले, आणि सर्वांत आधी भंगारात गेले.